क्लचमास्तरांचा ब्लॉग

बोलणं हाच क्लचमास्तरांचा धंदा होता. ते गाडी शिकवायचे हे खरं, पण गाडी चालवतो शिकणारा. शिकवणाऱ्याच्या वाट्याला पायाखालची दोन जादा पेडल आणि तोंड, एवढंच येतं. सकाळी पहिला विद्यार्थी गाडीत बसला की मास्तरांची जी टकळी सुरू व्हायची ती संध्याकाळी गाडीवर कव्हर चढेपर्यंत. "आरशात बघा. माझ्याकडे नका बघू, मी काही रस्त्यावर नाही. क्लच हळू सोडा. हळू म्हणजे कसा, झोपलेल्या बाळाखालून हात काढतो ना, तसा." या एका वाक्यावरून त्यांचं नाव पडलं. त्यांचं खरं नाव शाळेच्या मालकालाही आठवून सांगावं लागायचं.

त्यांची बायकोही त्यांचीच विद्यार्थिनी. गाडी शिकायला आली, परीक्षेत नापास झाली, आणि दुसऱ्यांदा शिकवता शिकवता मास्तरांनी तिला लग्नाचं विचारून टाकलं. "तुम्ही एवढं बोलत होतात की मला नाही म्हणायला फटच मिळाली नाही," असं ती पुढे कित्येक वर्षं चारचौघांत सांगायची.

आवाज बसला तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दिवसभर ओरडणाऱ्याचा आवाज बसणारच. मास्तरांनी गुळण्या केल्या, गरम पाणी प्यायलं, आणि बसक्या आवाजात बोलत राहिले. डॉक्टरांकडे गेले तोवर स्वरयंत्रावर गाठ चांगलीच पसरली होती. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल."

जीव वाचला. मानेच्या खाली, शर्टाच्या पहिल्या बटणापाशी, एक भोक राहिलं. आता श्वास तिथून. शिंकही तिथूनच. पहिल्यांदा शिंक आली तेव्हा सवयीने मास्तरांनी नाकावर रुमाल धरला आणि समोर बसलेल्या मेव्हण्याच्या चष्म्याचं जे व्हायचं ते झालं. बायको हसली. मास्तरही हसले, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. नुसते खांदे हलले. ते पाहून बायकोचं हसू थांबलं.

मालक जुना मित्र. तो म्हणाला, "ऑफिसात बसा, फोन बघा," आणि मग स्वतःच जीभ चावली. मास्तर घरी बसले. बसले म्हणायचं आपलं. खरं तर बसणं त्यांना जमेचना. उठायचे, खिडकीशी जायचे, खालच्या चौकात कुणी चुकीच्या बाजूने वळलं की बोट उगारायचे, फ्रिज उघडायचे, काही न घेता बंद करायचे, परत खिडकीशी. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला, मुलगी छापखान्यात पुस्तकांची पानं लावायची. दोघी गेल्या की घरात फक्त मास्तरांच्या चपलांचा आवाज.

दवाखान्यातून एक यंत्र मिळालं होतं. दाढी करायच्या मशीनसारखं. ते हनुवटीखाली टेकवून ओठ हलवायचे की शब्द निघायचे, पण सगळे एका सुरात, डबा वाजवल्यासारखे. मास्तरांनी ते एकदा वापरलं, आरशात स्वतःचा चेहरा पाहिला, आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. त्यापेक्षा पेनाने लिहून पुसायची पाटी बरी. पण पाटीची अडचण वेगळीच. जेवताना मुलगी काहीतरी बोलायची, मास्तरांना झकास उत्तर सुचायचं, ते पेन शोधून लिहायला लागायचे, आणि लिहून पाटी वर धरेपर्यंत गप्पा भलतीकडेच गेलेल्या असायच्या. मग दोघी समजूतदारपणे पाटी वाचायच्या आणि हसायच्या. त्या समजूतदार हसण्याने मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर त्यांनी अर्धं लिहिलेलं वाक्य हातानेच पुसून टाकलं आणि ताटावरून उठले.

मुलीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून आल्यावर तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, हा ब्लॉग. तुमचा. इथे तुम्ही लिहायचं, आणि ज्याला वाचायचं तो वाचेल. इथे कुणी तुमच्या पुढे निघून जात नाही. तुमचं लिहून होईपर्यंत पान थांबतं."

मास्तरांनी पाटीवर लिहिलं: कोण वाचणार?

"मी वाचीन. आणि परिच्छेद पाडा. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवा."

पहिला लेख त्यांनी एका विद्यार्थ्यावर लिहिला. तो पेट्रोल पंपात शिरला होता तो पेट्रोल भरायला नव्हे, तर ब्रेक कुठला ते आठवेना म्हणून. लिहिताना मास्तर स्वतःशीच खांदे हलवून हसले. लेख टाकला आणि दर थोड्या वेळाने उघडून बघायला लागले, कुणी वाचला का. आकडा वाढला की आनंद व्हायचा, आणि मग लक्षात यायचं की आपणच उघडला म्हणून तो वाढला. मोबाइलवरून बघितला तर परत वाढला. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्याच दारावरची बेल आपणच वाजवून पाहुणे मोजताय."

असे बरेच लेख गेले. मग एके दिवशी चहा समोर आला. चांगला कढत. मास्तरांनी कप तोंडाशी नेला आणि फुंकर मारायला ओठ गोल केले. वारा आला तो गळ्यातून, शर्टाच्या आत. चहावर साधी सुरकुतीही उठली नाही. ते कप हातात धरून तसेच बसले. आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. फुंकर जाणार हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कप ठेवला आणि जसं झालं तसंच लिहून काढलं. विनोद वगैरे काही नाही.

त्या लेखाखाली एका अनोळखी माणसाने लिहिलं: "माझीही फुंकर गेली. वासही गेला. माझी पावाची भट्टी आहे. पाव जळला तरी आता मला कळत नाही, बायको ओरडते तेव्हा कळतं. तुम्ही लिहिलंत ते मी तिला वाचायला दिलं. ती आता जरा कमी ओरडते."

मास्तरांनी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. भट्टीवाल्याने उलट लिहिलं. मग एक निवृत्त नर्स आली, तिचंही असंच ऑपरेशन झालेलं, तिने आंघोळीच्या वेळी गळ्यात पाणी जाऊ नये म्हणून काय बांधावं ते नीट समजावून दिलं. मग कुणाचा भाऊ, कुणाची आई. लेखाखाली लेखापेक्षा मोठा बाजार भरायला लागला. आता मास्तर खिडकीशी कमी आणि लॅपटॉपशी जास्त फेऱ्या मारायचे. भट्टीवाला दोन दिवस दिसला नाही तर त्यांना घास जाईना. तिसऱ्या दिवशी तो उगवून म्हणायचा, "पाहुणे होते घरी," आणि मास्तर मनातल्या मनात त्याला चार शिव्या घालून निवांत व्हायचे. तासाभरापुरते.

बायको मात्र ब्लॉग वाचत नव्हती. दुकानात दिवसभर बारीक स्क्रू आणि काचा बघून डोळे शिणतात, म्हणायची. मास्तरांनी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते थोडं सोयीचंच होतं.

कारण एक लेख त्यांनी तिच्यावर लिहिला होता. झालं होतं असं. आजारपणाच्या आधी मास्तरांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून ते बायकोला फोनवर आवाज रेकॉर्ड करूनच निरोप धाडायचे. ऑपरेशननंतर एका संध्याकाळी बायको बाथरूममध्ये होती, नळ सोडलेला होता, आणि मास्तर दाराशी टॉवेल घेऊन उभे होते. नळाच्या धारेमागून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "येताना साबण आण. आणि मागच्यासारखा वासाचा नको, मी काय नवरी आहे?" मग थोडी शांतता. मग परत तेच. "येताना साबण आण..." मास्तर टॉवेल दाराच्या कडीला अडकवून पाय न वाजवता माघारी आले.

त्यांनी लिहिलं, आणि जीव ओतून लिहिलं. मुलीला न दाखवता टाकलं. तो लेख वाऱ्यासारखा पसरला. लोकांनी एकमेकांना पाठवला. हा आकडा मास्तरांनी स्वतः वाढवलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात बायको दुकानातून लवकर घरी आली. पर्स खुर्चीवर टाकली, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आज एक बाई आली होती. तिच्या नाकावर फ्रेम बसवत होते मी. तिने माझा हात धरला. म्हणाली, 'तुम्हीच ना क्लचमास्तरांच्या मिसेस? नळ सोडून ऐकणाऱ्या? मला रडूच आलं हो.' दुकानात सगळे होते."

मास्तरांनी पाटी उचलली.

"नका लिहू. मला वाचायचं नाही." तिने पाठ फिरवली.

आणि मास्तर गप्प झाले. म्हणजे मुके तर ते होतेच, पण आता खरोखर गप्प झाले. तिने नुसतं तोंड वळवलं की त्यांचं बोलणं संपत होतं, हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. त्यांनी पाटी टेबलावर आपटली. ती वळली नाही. पुन्हा आपटली.

"आपटा. फुटली तर नवी आणू," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मी नळ का सोडत होते? तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आणि तुम्ही ते गावाला ऐकवलंत. पूर्वी तुम्ही चारचौघांत माझी टर उडवायचात, तेव्हा मला टेबलाखालून तुमच्या पायावर पाय देता यायचा. आता कुठे पाय देऊ?"

मास्तरांनी तिच्या समोर जाऊन हात जोडले. ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि लेख काढून टाकला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. घरात बोलणारी दोनच माणसं, त्यातलं एक अबोला धरून. मुलगी मधल्या मध्ये. "बाबा, चूक तुमचीच आहे," तिने सांगितलं, "मला तरी दाखवायचं." मास्तरांनी मान डोलावली. लिहावंसं वाटायचं, पण काय लिहिलं तर चालेल आणि काय नाही, याचाच त्यांना पत्ता लागेना. एक ओळ लिहायचे, उठायचे, चौकातल्या गाड्या बघायचे, येऊन ती ओळ पुसायचे. आपण इतकी वर्षं बोललो, त्यातलं किती दुसऱ्याचं होतं, असा एक विचार डोक्यात शिरला आणि जाता जाईना.

अशात एका बाईचा मेल आला. तिचे वडील भाजी मंडईत लिलाव पुकारायचे. त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. डॉक्टर ऑपरेशन सांगत होते आणि वडील साफ नाही म्हणत होते. "पुकारता आलं नाही तर मी जगून काय करू, असं म्हणतात," तिने लिहिलं होतं. "तुमचा तो नळाचा लेख मी वाचला होता. तो त्यांना वाचून दाखवायचा होता, पण आता सापडत नाही. मिळेल का? डॉक्टर म्हणतात, फार थांबता येणार नाही."

मास्तर मेल वाचून उठले आणि घरभर फिरले. लेख त्यांच्याकडे जपून ठेवलेला होता. गुपचूप पाठवला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्यांनी तो मेलला जोडला. काढला. परत जोडला. संध्याकाळी बायको आली तेव्हा लॅपटॉप टेबलावर उघडा होता, मेल समोर होता, आणि मास्तर भिंतीला टेकून परीक्षेला बसवल्यासारखे उभे होते.

तिने उभ्याने वाचलं. मग खुर्ची ओढली, चष्मा बदलला, आणि ब्लॉग पहिल्यापासून वाचायला घेतला. पेट्रोल पंप वाचताना तिच्या तोंडाचा कोपरा हलला. चहाचा लेख तिने दोनदा वाचला. भट्टीवाला वाचला, नर्स वाचली, कुणाच्या आईने लिहिलेलं वाचलं. मास्तरांनी मध्ये दोनदा तिच्यासमोर पाणी ठेवलं. मग तिने काढून टाकलेला लेख मागितला आणि तोही वाचला.

"चांगला लिहिलाय," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त राग आला."

थोड्या वेळाने म्हणाली, "हा नका पाठवू. आपणच जाऊ. त्या बाईला कळवा."

रविवारी निघाले. गाडी बायकोने चालवायला घेतली. इतकी वर्षं गाडी चालवूनही ती वळणावर गिअर बदलायला विसरायची. मास्तर डॅशबोर्डवर बोटाने टकटक करायचे. "कळतंय मला," ती म्हणायची. थोड्या वेळाने परत टकटक. "अहो, उतरून चालत या मग!" अबोल्यानंतरचं हे पहिलंच सरळ भांडण होतं, आणि मास्तरांना ते इतकं गोड वाटलं की त्यांनी विनाकारण आणखी एकदा टकटक केली.

लिलाववाले आजोबा खाटेवर बसले होते. उंच, रुंद हाडाचे, गळ्याला मफलर. आवाज आधीच फाटलेला. मास्तरांच्या गळ्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि लेकीवर घसरले. "याला कशाला आणलंस? हा मुका माणूस मला काय सांगणार?"

मास्तरांनी पिशवीतून यंत्र काढलं. निघायच्या आधी ते कपाटातून त्यांनी स्वतःच घेतलं होतं, कुणाला न सांगता. हनुवटीखाली टेकवलं. "नम-स्कार," यंत्र वाजलं.

आजोबा बघत राहिले. मग खो खो हसत सुटले, हसता हसता ठसका लागला. "अरे, हा तर डब्यातला माणूस! या आवाजात मी कांदे पुकारू? लोक पळून जातील!"

मास्तरांचे कान तापले. यंत्र खाली आलं. लेक ओशाळून उभी राहिली.  तेव्हा बायको खुर्ची पुढे ओढून आजोबांच्या समोर बसली.

"मी सांगते," ती म्हणाली. "मी यांची बायको. आवाज गेल्याचं दुःख नसतं असं मी म्हणणार नाही. असतं. मी अजून फोनमध्ये यांचा जुना आवाज ऐकते. बाथरूममध्ये, नळ सोडून. साबण आण म्हणतात त्यात, दुसरं काही नाही. ऐकून रडते, तोंड धुते, बाहेर येते. बाहेर आले की हे समोर असतात. पाटी आपटतात, पंखा चालू ठेवून विसरतात, गाडीत डोकं उठवतात. आज येतानाही उठवलं. फोनमध्ये नुसता आवाज असता आणि बाहेर कुणी नसतं, तर मी तो ऐकू शकले असते का, माहीत नाही मला."

 मास्तर खाली बघत होते. हीच गोष्ट त्यांनी लिहिली होती, पण तिच्या तोंडून ती वेगळीच होती. ही गोष्ट त्यांची नव्हती, बायकोची होती.

लेकीने डोळ्यांना पदर लावला. आजोबा बराच वेळ मफलरच्या टोकाशी चाळा करत बसले. मग मास्तरांना म्हणाले, "भूक लागते का?"

मास्तरांनी मान हलवली. लागते.

"शिंक?"

मास्तरांनी गळ्याकडे बोट केलं. बायको म्हणाली, "माझ्या भावाला विचारा."

आजोबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. परतीच्या वाटेवर मास्तरांना चैन पडेना. आपण गेलो ते बरं केलं की वाईट, त्या यंत्राने माणूस आणखी घाबरला तर? ते सारखा फोन बघत होते. घरी आल्यावरही तेच. अंथरुणावरून उठून बघायचे. दिवस गेले तरी मेल नाही. बायको म्हणाली, "तुम्ही गाडी शिकवायचात. परीक्षेला विद्यार्थी एकटाच बसतो ना?" मास्तरांना ते पटलं, पण फोन बघणं काही थांबलं नाही.

मग एके दुपारी ब्लॉगवर एक प्रतिक्रिया उमटली. वाक्यं मोडलेली, आणि प्रत्येक शब्दापुढे उद्गारचिन्ह. "ऑपरेशन! झालं! जगलो! सूप! बेचव! डब्याचं! यंत्र! मागवलंय!" मास्तर खुर्चीवरून असे उठले की खुर्ची उलटली. लॅपटॉप तसाच उचलून ते जिना उतरले आणि चष्म्याच्या दुकानात जाऊन धडकले. बायकोच्या हातात कुणाची तरी फ्रेम होती. तिने वाचलं, आणि गिऱ्हाईक समोर असताना मास्तरांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं.

पुढे ब्लॉगचे दोन नियम झाले. घरातल्या माणसाबद्दलचं काहीही त्याने आधी वाचल्याशिवाय जायचं नाही. आणि महिन्यातून एक लेख बायकोचा. तिचे लेख छोटे असतात, त्यात विशेषणं नसतात, आणि मास्तरांच्या लेखांपेक्षा ते जास्त वाचले जातात. ते त्यांना बोचतं, आणि ते आकडा बघायचं सोडत नाहीत.

सगळ्यांनी एकदा भेटावं ही कल्पना भट्टीवाल्याची. एका वाचनालयाचा हॉल मिळाला. माणसं लांबून लांबून आली. भट्टीवाला अंगाने काटकुळा निघाला, मास्तरांच्या मनात तो उगाचच जाडजूड होता. त्याने पावाची टोपली आणली होती, आणि एकही जळलेला नव्हता. घरची मंडळी बाहेरच्या व्हरांड्यात चहा घेत आपापसात बोलत होती, बऱ्याच दिवसांनी त्यांनाही आपलं दुखणं कळणारं कुणीतरी भेटलं होतं. आत फक्त गळ्यावर फडकी बांधलेले. मास्तर या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जात होते. प्रत्येकाशी बोलायचं होतं, आणि एकाशी बोलताना दुसरा उठून जाईल अशी धास्ती.

शेवटी टोपलीत एकच पाव उरला. लिलाववाले आजोबा उभे राहिले, यंत्र गळ्याला लावलं, पाव उंच धरला आणि त्या एकसुरी डब्याच्या आवाजात पुकारायला लागले. "ताजा-माल. भट्टी-वरचा. बोला-कोण-घेणार." नर्सने बोलीत हातातलं घड्याळ लावलं. भट्टीवाल्याने स्वतःचाच पाव परत घेण्यासाठी दोन्ही हात वर केले. कुणी चप्पल काढून दाखवली. सगळा हॉल हसत होता, माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज म्हणाल तर नुसता श्वासांचा, फस् फस्.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. रखवालदाराने आत डोकावून विचारलं, "संपली का सभा? काही ऐकू येईना म्हणून बघायला आलो."

मास्तरांनी यंत्र हनुवटीखाली टेकवलं. सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"नाही," यंत्र वाजलं. "आता-कुठे-रंगात-आलीय."